खड्यांची सूची

माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. दूधवाल्याने माप नीट घातलं तरी मी पातेल्यात डोकावून बघते. न बोलावता मदतीला येणाऱ्या माणसाला तर मी उंबऱ्याबाहेरच उभं करते. त्यामुळे दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका रविवारी सकाळी लॅपटॉप काखेत मारून आली आणि "आत्या, आजोबांच्या चालींची सूची करतेय, तुझ्याकडची प्रत दे ना" म्हणाली, तेव्हा मी दाराची साखळी लगेच काढली नाही.

"कुणी सांगितलं करायला?" मी फटीतूनच विचारलं.

"कुणी नाही. मलाच वाटलं."

झालं! असं आपोआप काही वाटतं का कुणाला?

घरात तिला सगळे बारकी म्हणतात. आता ती माझ्या दारातून वाकून आत येते एवढी उंच झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दिवसा ती पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांच्या नकाशांची सूची करते. कुठला पाइप कुठून निघाला आणि कुठे गेला, हे तिला बसल्या जागी सांगता येतं. आता तेच डोकं तिने आमच्या चालींवर चालवायचं ठरवलं होतं. संगीत महाविद्यालयाचं ग्रंथालय सगळ्या चाली ठेवून घ्यायला तयार होतं, फक्त त्यांना सूची हवी होती. चाल कुणाची, कुणाकडे गेली, तिच्या प्रती किती, आणि त्यातली मूळ प्रत कुठली. तिने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता म्हणे.

चाली म्हणजे माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या. त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं, दोन खणांचं, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या वासाचं. डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली, त्यामुळे हत्यार धरता यायचं पण तार दाबता यायची नाही. स्वतः काही वाजवत नसत. पण कान असा की रस्त्यावरून कुणी शीळ घालत गेलं तरी पट्टी सांगायचे. दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त झालेलं वाद्य गिऱ्हाइकाने तिथेच वाजवून बघायचं, आणि नुसतं टुंगटुंग नाही, एक अख्खी चाल वाजवायची. गिऱ्हाईक वाजवायचं आणि अण्णा काउंटरमागे पेन्सिलीने वहीत उतरवून घ्यायचे. स र ग म प ध न, एवढीच अक्षरं. कोमल सुरापुढे काडी, वरच्या सुराला टिंब, लांबवायच्या सुराला आडवी रेघ. डोक्यावर नंबर, तारीख आणि चाल कुणाची ते. 'तिकीट तपासनीस, मेंडोलिन, तार बदलून.' 'दातांची डॉक्टर, अकॉर्डियन, भाता चिकटवून.' अशा एकोणचाळीस वर्षांत चौदाशे बारा चाली जमल्या.

कुणी चाल मागितली तर अण्णा नाही म्हणायचे नाहीत. टाइपरायटरवर प्रत काढून द्यायचे. मात्र प्रत्येक प्रतीत एक सूर मुद्दाम चुकीचा घालायचे. त्याला ते खडा म्हणायचे. प्रत्येक माणसाला वेगळा खडा, वेगळ्या जागी. "उद्या कुणी माझी चाल स्वतःची म्हणून खपवली, तर खडाच सांगेल माल कुठून गेला ते," असं त्यांचं म्हणणं. आणि खडा इतका बेमालूम की दाताखाली यायचा नाही, उलट कधीकधी मूळ सुरापेक्षा गोड लागायचा. कुणाला कुठला खडा दिला, याची यादी मात्र कुठेच नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती आणि डोक्याबरोबरच गेली.

माझा संशयी स्वभाव त्यांच्याकडूनच आला, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. कारण सगळ्या जगाला खडेवाली प्रत मिळाली, पण मला, त्यांच्या लेकीला, शुद्ध! अठराव्या वर्षापासून मी दुकानात व्हायलिन घेऊन बसायचे. दर शनिवारी अण्णा मला टाइप केलेल्या चालींचे कागद द्यायचे, आधी जुन्या, मग नव्या. मी त्या त्यांच्यासमोर वाजवायचे आणि ते मान डोलवायचे. 'तुझ्या प्रतीत खडा नाही' असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. म्हणायची गरज काय? लेकीला ते सांगावं लागतं का? अण्णा गेल्यावर दादाला घर मिळालं, दुकान मिळालं आणि पेन्सिलीच्या वह्याही त्याच्याच ट्रंकेत गेल्या. मी वह्या मागितल्या तर म्हणाला, "तुझ्याकडे आहेच की सगळं टाइप केलेलं." मी म्हटलं, ठेव बाबा. शुद्ध प्रत माझ्याकडे, पेन्सिलीची रद्दी तुला. माझ्याकडे व्हायलिन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगत आले, की अण्णांनी आयुष्यात एकाच माणसावर विश्वास ठेवला आणि ते माणूस तुमच्यासमोर बसलं आहे.

आता दुसरी गोष्ट. ही मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

मी तेवीस वर्षांची असताना नाटकाच्या वाद्यवृंदातला एक क्लॅरिनेटवाला दुकानात यायचा. त्याच्या क्लॅरिनेटच्या भोकांवर बसणाऱ्या गाद्या दर महिन्याला कशा काय खराब होतात, हा प्रश्न अण्णांना पडत नसेल असं मला वाटायचं. मला तो आवडायचा. सरळच सांगते, फार आवडायचा. अण्णांनी त्याला स्वतः बारा चाली दिल्या होत्या, अर्थात खडे घालून. त्याला आणखी हव्या होत्या. एका दुपारी अण्णा तारा आणायला बाजारात गेले असताना मी माझ्या कागदांतले तीस कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. मागच्या टेबलावर बसून त्याने ते उतरवून घेतले. "नुसते वाजवायला गं," म्हणाला. आणि वर्षभरात पुस्तक! तीस चाली, वर त्याचं नाव ठळक अक्षरांत.

अण्णांनी काउंटरवर ते पुस्तक उघडून ओठ हलवत हलवत वाचलं. मग त्याला बोलावून घेतलं. "यात माझा खडा आहे," एवढंच म्हणाले. "चोर आहेस तू. पुन्हा ही पायरी चढायची नाही." मी तिथेच सरसाचं भांडं ढवळत उभी होते. आता माझं नाव येणार, असं धरूनच चालले होते. पण मला वाटलं, त्याला दिलेल्या बारा चालींतलाच खडा सापडला असणार. म्हणजे तो त्याच्या मरणाने मेला, माझं नाव कुठेच नाही. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यानेही काढलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने, क्लॅरिनेटची पेटी उचलली आणि गेला. गावभर चोर म्हणून बोभाटा झाला, वाद्यवृंदातलं काम सुटलं, मग तो दुसऱ्या शहरात निघून गेला. त्याचं ते पुस्तक मी कधी उघडून पाहिलं नाही. कुठल्या तोंडाने पाहणार?

म्हणून बारकी दारात उभी राहिली तेव्हा मी साखळी धरून राहिले. कुठली चाल कुणाकडून कुणाकडे गेली, याचा माग काढायला निघालेली पोरगी! तो माग माझ्या उंबऱ्यापर्यंत आला असता तर मी विद्यार्थ्यांना तोंड कसं दाखवलं असतं? पण नाही म्हणावं तर संशय माझ्यावरच. शिवाय मूळ प्रत म्हणून दुसऱ्याच कुणाची प्रत ग्रंथालयात गेली तर? तेही मला चालणार नव्हतं.

"आठ दिवसांनी ये," मी म्हटलं.

मी चाली केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे द्यायला आठ मिनिटं पुरली असती. आठ दिवस मला दुसऱ्याच कामासाठी हवे होते. रोज सकाळी चहा झाला की फाइल उघडायची आणि एकेका चालीत एक सूर बदलायचा. पहिल्या सातशे चालींना हात लावला नाही, तिथे सगळ्यांची नजर जाते. पुढच्यांत निवडून निवडून चाळीस खडे घातले आणि त्यांचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्या पैशांच्या पाकिटात ठेवली. उद्या बारकीने हे सगळं स्वतःच्या नावावर कुठे छापलं, तर मीही अण्णांसारखं पुस्तक उघडून 'यात माझा खडा आहे' म्हणू शकले असते. अण्णांचीच लेक ना मी!

फाइल दिली. कागद मात्र कपाटात कुलूप लावून ठेवले. आणि मग दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून दादाच्या घरी जायला लागले. कधी वहिनीची कात्री परत द्यायला, कधी दादाच्या गुडघ्याची चौकशी करायला. दादा म्हणाला, "तीस वर्षांत माझ्या गुडघ्याची एवढी काळजी कुणी केली नव्हती." मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून सरळ जिना चढायचे.

बारकीची खोली वर होती. टेबलावर अण्णांच्या वह्या एकावर एक रचलेल्या, शेजारी दिवा, भिंतीवर कुठल्याशा पंपाचा नकाशा. त्या वह्यांतली पानंच्या पानं तिने एकटीने टाइप केली होती. वर्ष लागलं म्हणाली. एका वर्षाचं काम कुणी उगाच करतं का? मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण पोरगी ताकास तूर लागू देत नव्हती.

"हे बघ आत्या," ती म्हणायची आणि खुर्ची माझ्याकडे सरकवायची. "हा प्रोग्रॅम सूर बघतच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर किती उडी मारली, तेवढंच बघतो. म्हणजे कुणी कुठल्याही पट्टीत वाजवू दे, चाल तीच निघते. मग सारख्या सुरुवातीच्या चाली तो शेजारी शेजारी लावतो."

एका दुपारी त्याने दोनशे चौदा आणि आठशे नव्वद शेजारी लावल्या. तिकीट तपासनिसाची आणि दातांच्या डॉक्टरची, चौदा वर्षांचं अंतर, आणि चाल अगदी तीच, फक्त ठेका वेगळा. खोटं कशाला बोलू, मला मौज वाटली. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी दोघांना बोलावून घेतलं असतं, 'कुणी कुणाची घेतली सांगा' म्हणून. मी हसले, बारकीही हसली, आणि लगेच माझ्या मनात आलं, ही मला हसवतेय का? कशावरून तरी लक्ष उडवायला?

आणि तसंच झालं. उठताना माझी नजर टेबलाच्या कोपऱ्यावरच्या पाकिटावर गेली. ते अक्षर मी चाळीस वर्षांनीही ओळखलं. अजूनही तसंच डावीकडे कललेलं होतं.

"त्याला कशाला लिहिलंस?" माझा आवाज चढला.

"त्यांच्या पुस्तकात तीस चाली आहेत ना आपल्या? सूचीत नकोत?"

"आणि काय म्हणाला?"

"काही नाही. पुस्तक पाठवलं. वर चिठ्ठी, 'खुशाल वापरा'."

"एवढंच?"

"एवढंच गं. का?"

माझा विश्वास बसला नाही. ती पाणी आणायला खाली गेली तेव्हा मी पाकीट उघडून झटकलं, उन्हात धरून बघितलं, आतल्या शिवणीत बोट घातलं. एक कागद होता, त्यावर दोन शब्द. पण फोनवर बोलले नसतील कशावरून? त्याने सगळं सांगितलं असेल आणि ही पोरगी मला खेळवत असेल, अशी माझी खात्रीच पटली. घरी आले तर भूक नाही, झोप नाही. एका विद्यार्थिनीवर मी उगाचच खेकसले. ती बिचारी बरोबर वाजवत होती.

चार दिवसांनी बारकीचा फोन आला. "आत्या, एक बघायला येतेस? आणि आजोबांनी टाइप करून दिलेले तुझे कागद असतील ना, ते आण."

कागद नेले नाहीत. मी गेले ती कंबर कसूनच गेले.

पडद्यावर एक लांबलचक तक्ता होता. डावीकडे चालींचे नंबर. मग रकाने: अण्णांची वही, माझी प्रत, क्लॅरिनेटवाल्याचं पुस्तक, आणि आणखी चार जणांच्या प्रती, ज्यांना अण्णांनी चाली दिल्या होत्या. "वहीशी जुळलं तर पांढरं," बारकी म्हणाली. "एखादा सूर वेगळा निघाला तर रंग. दोघांकडे तोच वेगळा सूर असेल तर दोघांना एकच रंग."

चार जणांच्या रकान्यांत चार निरनिराळे रंग होते. हे अण्णांचे खडे, मला लगेच कळलं. पण माझा रकाना? वरून खालपर्यंत निळा. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक चाल निळी.

"हे काय केलंस?" मी ओरडलेच. "माझी प्रत शुद्ध आहे! तू बदललंयस हे!"

"मी काही बदललं नाही."

"मग तुझा प्रोग्रॅम चुकतोय. किंवा त्या वह्यांत फेरफार केलाय कुणीतरी. तुझ्या बापाने केला असेल!"

"बाबांना सा कुठे असतो तेही माहीत नाही, आत्या." ती शांतपणे म्हणाली. शांत माणसांचा मला जास्त राग येतो. "म्हणून तर कागद आण म्हटलं. फाइलमध्ये टायपिंगच्या चुका असतील. कागद बघितले की कळेल."

तशीच तरातरा घरी गेले, कपाट उघडलं, कागदांची पिशवी उचलली आणि परत आले. जिना चढताना धाप लागली, पण म्हटलं, आज हिच्या तोंडावर मारतेच. पहिला कागद काढून वहीशेजारी ठेवला. पहिली चाल, 'पोस्टमन, व्हायलिन, खुंटी बसवून'. वहीत तिसऱ्या ओळीत पेन्सिलीने ध. माझ्या कागदावर त्याच जागी न.

कागद अण्णांच्याच टाइपरायटरचा. त्यातला ग लंगडा होता, त्याची काडी अर्धीच उमटायची. तोच लंगडा ग सगळीकडे. खाडाखोड नाही, काही नाही. दुसरा कागद काढला. तिसरा काढला. दहावा, पन्नासावा, मग मी पिशवीत हात घालून कुठलाही कागद ओढायला लागले. प्रत्येकात एक खडा, सुबक टाइप केलेला.

म्हणजे मलाही! दर शनिवारी मी त्यांच्यासमोर बसून त्यांचा खडा वाजवत होते, आणि ते मान डोलवत होते. चूक ऐकू येत असणारच, तो कान काय बहिरा होता? आणि मी जन्मभर शेकडो पोरांना तेच शिकवलं, शुद्ध म्हणून. मला एवढा राग आला की वही उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. "बापाने लेकीवर पाळत ठेवली!" मी म्हटलं. "सख्ख्या लेकीवर!"

 बारकी पडद्याकडे बघत होती. मीही बघितलं, आणि तेव्हा कुठे मला क्लॅरिनेटवाल्याचा रकाना दिसला. तीस घरं भरलेली होती. तीसच्या तीस निळी.

"वहीच्या समासात नोंद आहे, त्यांना आजोबांनी दिलेल्या बारा चाली यात नाहीतच," बारकी हळूच म्हणाली. "एकही नाही. पुस्तकातल्या सगळ्या... म्हणजे तुझ्या प्रतीवरून गेलेल्या आहेत."

मी खुर्चीत बसले.  अण्णा काउंटरवर ओठ हलवत पुस्तक वाचत होते, तेव्हा त्यांनी काय वाचलं ते मला आज कळत होतं. 'यात माझा खडा आहे' म्हणाले तो त्याचा खडा नव्हताच. माझा होता. माल कुठून गेला, हे त्यांना पहिल्या चालीतच समजलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, सरस ढवळत. आणि त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. चोर म्हणाले ते त्याला. त्यानेही ऐकून घेतलं. दोघांनी मिळून मला झाकलं आणि मी समजत होते की मीच कुणाला पत्ता लागू दिला नाही!

"अण्णांना माहीत होतं," मी म्हटलं.  "जाईपर्यंत माहीत होतं त्यांना. एका शब्दाने बोलले नाहीत गं."

"आत्या, अजून एक आहे." बारकीने तक्ता खाली सरकवला. निळी घरं सरसर वर गेली आणि एकदम संपली. "सहाशे सोळापर्यंत तुझ्या प्रत्येक चालीत खडा आहे. सहाशे सतरापासून नाही. बाकी चौघांना आजोबा शेवटच्या वर्षापर्यंत खडे घालत होते. फक्त तुला नाही."

मी सहाशे सतराचा कागद शोधून काढला. टाइप केल्याची तारीख शनिवारची. क्लॅरिनेटवाल्याला हाकलल्यानंतरचा पहिला शनिवार. वहीशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघितलं, टिंबसुद्धा सोडलं नाही. स्वच्छ होता. पुढचाही स्वच्छ. त्याच्या पुढचाही.

लेक फितूर आहे हे कळलं, आणि त्याच आठवड्यापासून माणसाने तिला शुद्ध द्यायला सुरुवात केली. हे काय होतं, मला नाही समजलं. शिक्षा म्हणावी तर तशी नाही. मग माफी का? असं न सांगता कुणी माफ करतं का? मला विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, भाचीसमोर, आणि तिने दिलेल्या कागदी रुमालाला नाक पुसलं.

 मग ती पडद्याकडेच बघत म्हणाली, "सहाशे सतराच्या पुढे फक्त चाळीस ठिकाणी फरक येतो. कागदांवर ते नसणार बहुतेक, फाइलमध्येच आहेत. टायपिंगच्या चुका असतील. मी दुरुस्त करून टाकते."

तिला कळलं होतं. चाळीस चुका, प्रत्येक चालीत नेमकी एक, आणि ऐकायला गोड. पाइप कुठून निघतो ते शोधणारी पोरगी ती. कळूनही मला वाट करून देत होती, बाहेर पडायला.

"चुका नाहीत त्या," मी म्हटलं. "मी घातल्यात. तू चोरशील म्हणून."

 तिचे कान लाल झाले, एवढं दिसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. वर्षभर डोळे फोडून जिने आमचं घर निस्तरलं, तिला मी खडे दिले होते. मी माझ्या पैशांच्या पाकिटातली नंबरांची चिठ्ठी काढली आणि एकेक नंबर वाचला. ती एकेक सूर बदलत गेली. सातशे तीन. सातशे एकोणीस. सातशे अठ्ठावन्न. चाळीस नंबर वाचायला बराच वेळ लागतो.

"झालं?" तिने विचारलं.

"तेवढं झालं." क्लॅरिनेटवाल्याच्या रकान्याशेजारी 'प्रत कशी मिळाली' असा एक रकाना होता, तो मला मघापासून दिसत होता. "तिथे काय लिहिलंयस?"

"'विनापरवानगी'," ती म्हणाली. "बाबा तसंच सांगतात. सगळेच तसं सांगतात."

"खोड ते. लिही, 'लेकीने दिली'."

बारकीने माझ्याकडे बघितलं. "आत्या, ग्रंथालयात जाणार आहे हे. तुझे विद्यार्थी वाचतील. बाबा वाचतील."

"वाचू देत. तोही वाचेल. त्याला एक छापील प्रत पाठव."

"बरं. तीसही चालींना?"

"तीसही."

"मग एकदाच लिहिते, सगळीकडे आपोआप उतरेल."

"नको," मी म्हटलं. "सरक जरा. मी टाइप करते, एकेक."